तक्रारीच्या अर्जात आजाराचं नाव कशाला?

समजा, एका बाईंचा तपासणी अहवाल हॉस्पिटलमधल्या कुणीतरी मोबाइलवर टिपला आणि तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. बाईंनी रात्र जागून तीन पानी तक्रार लिहिली. पहिल्याच ओळीत आजाराचं नाव, खाली औषधांची यादी, सोबत अख्ख्या केसपेपरच्या झेरॉक्स. अर्ज महापालिकेच्या आवक शाखेत गेला, त्यावर शिक्का पडला. तिथून कारकून, अधीक्षक, विधी विभाग, चौकशी समिती असा तो टेबलामागून टेबल फिरला. एक प्रत खुलाशासाठी हॉस्पिटललाही गेली. ज्यांना त्या आजाराचा पत्ताही नव्हता, अशा आणखी कितीतरी लोकांनी तो आता वाचला.

हे टाळता येतं. माहिती फुटल्याची तक्रार करताना ती माहिती नेमकी काय होती, हे सुरुवातीलाच सांगायची गरज बहुतेक वेळा नसते. ती कुणाच्या ताब्यात होती, तिथून कशी बाहेर पडली आणि कुणाकुणापर्यंत पोचली, एवढं पुरतं. तक्रार दाखल केली म्हणून आपला खासगीपणाचा हक्क संपत नाही. उलट तेव्हाच तो जास्त जपावा लागतो. कसा, ते क्रमानं पाहू.

सगळ्यात आधी, झालं ते खरोखर उल्लंघन आहे का, हे तपासावं. डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम २००२ सालचे आहेत. व्यवसायात कळलेलं रुग्णाचं गुपित डॉक्टरनं उघड करू नये, असं ते स्पष्ट सांगतात. अपवाद मोजके आहेत: न्यायाधीशाचा आदेश असेल तर, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार असेल तर. क्षयरोग २०१२ पासून असा आजार आहे. त्यामुळे डॉक्टरांनी क्षयरुग्णाची नोंद सरकारी यंत्रणेत केली, तर ती तक्रारीची बाब होत नाही. विमा कंपनीकडे कागद गेल्याचीही पुष्कळ लोक तक्रार करतात. पण कॅशलेसच्या फॉर्मवर आपणच तशी संमतीची सही केलेली असते. आधी तो फॉर्म काढून वाचावा.

उल्लंघन असतं ते वेगळं. नर्सच्या टेबलामागच्या फळ्यावर खाट क्रमांकापुढे लिहिलेलं पूर्ण नाव आणि निदान. फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईनं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लिहिलेला रक्ततपासणीचा निष्कर्ष. ओपीडीच्या रांगेत सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलेला प्रश्न. लॅबनं भलत्याच नंबरवर पाठवलेला रिपोर्ट. शस्त्रक्रियेआधीचे-नंतरचे फोटो रुग्णाला न विचारता जाहिरातीत टाकणं.

आपल्याकडचं सर्वांत नेहमीचं उल्लंघन मात्र घरातच होतं आणि ते कुणाला उल्लंघन वाटतही नाही. सज्ञान सुनेचा रिपोर्ट तिला न विचारता सासूच्या हातात दिला जातो. चाळिशीच्या मुलाचं निदान आधी वडिलांना सांगितलं जातं. नातेवाईक बिल भरतात, धावपळ करतात, रात्र-रात्र बाकावर काढतात, हे खरंच आहे. पण सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची माहिती त्या रुग्णाची असते. गर्भपाताच्या बाबतीत तर कायद्यानं इथे काहीच मोघम ठेवलेलं नाही. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही त्या स्त्रीचं नाव वा तपशील डॉक्टरनं सांगितले, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘कुणालाही’ यात नवराही आला.

उल्लंघन झालंय अशी खात्री पटली की पुरावा जपायचा. फिरत असलेला संदेश कुठून आला, कोणत्या तारखेला, किती वाजता, हे दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. ज्या फोनवर तो आला, तो फोन विकू नये, रीसेट करू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ उपकरण हाताशी असेल तर ते सोपं जातं.

इथली नेहमीची चूक म्हणजे संतापाच्या भरात तोच रिपोर्ट ‘बघा काय चाललंय’ म्हणून आणखी दहा जणांना पाठवणं. असं केलं की माहिती नक्की कुणी पसरवली, हे पुढे सिद्ध करणं अवघड होतं. दाखवायचंच असेल तर फोन समोर धरून एखाद्या विश्वासू माणसाला दाखवावा. पाठवू नये.

पुराव्याची प्रत जोडताना नाव आणि निदान झाकावं. मूळ कागदाला हात लावायचा नाही, झाकाझाक प्रतीवर करायची. ती करताना दोन गोष्टी हमखास फसतात. काळ्या मार्करखालचं अक्षर कागद उजेडासमोर धरला की वाचता येतं. म्हणून मार्कर फिरवलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढावी आणि ती दुसरी प्रत जोडावी. संगणकावर पीडीएफमध्ये नुसता काळा चौकोन ओढला, तर खालची अक्षरं तशीच शाबूत असतात आणि ती निवडून कॉपी करता येतात. तेव्हा झाकलेल्या पानाचा प्रिंट काढून तो पुन्हा स्कॅन करावा. थोडा व्याप आहे, पण पुढे सगळीकडे हीच प्रत वापरता येते.

आता आपली कागदपत्रं मागून घ्यावीत, आणि हे तक्रारीच्या आधी करावं. २००२ च्या त्याच नियमांनुसार रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं नोंदी मागितल्या, तर त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. मागणी लेखी करावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. कारण सांगायची गरज नाही.

त्याच सुमारास आणखी एक छोटं पत्र द्यावं: अमुक तारखेचं सीसीटीव्ही चित्रण आणि माझी फाइल संगणकावर कुणी कधी उघडली याची नोंद जपून ठेवावी. मोठ्या हॉस्पिटलांच्या संगणकप्रणालीत ही नोंद आपोआप होत असते. तिला ऑडिट लॉग म्हणतात. सीसीटीव्हीवर मात्र काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढतं, म्हणून या पत्राला उशीर करू नये.

पहिली तक्रार हॉस्पिटललाच करावी. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आता बंधनकारक आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये तयार केलेल्या सनदेतही गोपनीयतेचा आणि दाद मागण्याचा हक्क आहे. हॉस्पिटलात गेल्यावर भिंतीवर ती सनद शोधावी. तिथेच तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव मिळालं तर उत्तम, नाही तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लिहावं.

पत्र अर्ध्या पानाचं पुरतं. साधारण असं: ‘मी अमुक तारखेस आपल्या रुग्णालयात दाखल होते. माझा रुग्ण नोंदणी क्रमांक अमुक. माझ्या वैद्यकीय तपासणीचा एक अहवाल माझ्या संमतीशिवाय रुग्णालयाबाहेरील व्यक्तींपर्यंत पोचल्याचे मला अमुक तारखेस समजले. अहवालातील मजकूर आपल्या दप्तरी आहे, म्हणून येथे लिहीत नाही. हे कसे घडले, कोणाकडून घडले आणि पुढे काय उपाय केले, हे मला लेखी कळवावे. या पत्रव्यवहाराची माहिती माझ्याखेरीज कोणासही, माझ्या नातेवाइकांसही, देऊ नये.’

शेवटचं वाक्य गाळू नये. हॉस्पिटलच्या दप्तरी नोंदलेला मोबाइल नंबर अनेकदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, कारण भरती करताना काउंटरवर तेच उभे होते. चौकशीचा फोन त्यांनाच जातो आणि घरात नको ते प्रश्न सुरू होतात. म्हणून आपला स्वतःचा नंबर, फक्त आपण उघडतो असा ईमेल आणि गरज असेल तर वेगळा टपालाचा पत्ता पत्रात द्यावा. जुना नंबर बदलून घ्यावा, तोही लेखी.

पत्राच्या डोक्यावर आणि लिफाफ्यावर ‘गोपनीय’ लिहावं. सरकारी कार्यालयात या शब्दाला कायदेशीर वजन आहे. उद्या कुणी माहिती अधिकारात आपला अर्ज मागितला, तर कलम ११ नुसार, गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करण्याआधी कार्यालयाला आपल्याला नोटीस द्यावी लागते आणि आपलं म्हणणं ऐकावं लागतं. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये वैयक्तिक माहितीला संरक्षण आहेच.

हॉस्पिटलकडून उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर वर जायचं. इथे बरेच जण चुकीच्या दारात उभे राहतात आणि महिने वाया जातात.

खासगी हॉस्पिटलच्या कारभाराविषयी तक्रार असेल तर त्याला नोंदणी देणाऱ्या यंत्रणेकडे जावं. शहरात ती महापालिकेचा आरोग्य विभाग असते, जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक. सरकारी रुग्णालय या नोंदणी कायद्यात येत नाही. तिथे अधीक्षक किंवा अधिष्ठाता, त्यानंतर आरोग्य विभागाचे वरिष्ठ, आणि ‘आपले सरकार’ हे तक्रारीचं पोर्टल.

एखाद्या डॉक्टरनं स्वतः माहिती फोडली असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिलकडे. परिषदेचा अधिकार डॉक्टरवर चालतो, हॉस्पिटलवर नाही. नर्सची तक्रार नर्सिंग कौन्सिलकडे आणि आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगवेगळ्या. परिषदेनं सहा महिन्यांत निर्णय द्यावा असं नियम म्हणतो. तक्रारीवर आपलं नाव, पत्ता आणि सही लागते, आणि तिची प्रत त्या डॉक्टरला जाते. त्याला बाजू मांडायची संधी देणं न्यायाचंच आहे. म्हणूनच तक्रारीच्या मुख्य मजकुरात वैद्यकीय तपशील नको. परिषदेनं मागितले तर ते बंद लिफाफ्यात द्यावेत.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये, ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मुदत दोन वर्षांची. मात्र ज्या रुग्णालयात सगळ्यांना सगळे उपचार मोफत आहेत, ते या कायद्यात येत नाही. आणि एक सावधगिरी: आयोगाचे निकाल पक्षकारांच्या नावांसह इंटरनेटवर येतात. नाव गाळण्याची विनंती पहिल्या तारखेलाच लेखी करावी. निकाल लागल्यावर धावाधाव करून फारसं काही हाती लागत नाही.

दुसरी वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याची. संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीनं किंवा व्यावसायिक संस्थेनं हयगय केली आणि त्यातून नुकसान झालं, तर कलम ४३अ नुसार भरपाई मागता येते. वैद्यकीय नोंदी २०११ च्या नियमांनुसार अशा संवेदनशील माहितीत मोडतात. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात.

नवा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण संस्थांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत, आणि ४३अ तेव्हाच रद्द होणार आहे. नव्या कायद्यात सुरक्षेत कसूर केल्यास अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. रुग्णाला त्यातून पैसा मिळत नाही. माझ्या मते या कायद्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. ज्याची लाज चव्हाट्यावर आली, त्याच्या हाती काहीच लागत नाही.

काही आजारांना वेगळं, भक्कम कवच आहे. एचआयव्हीसंबंधी २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच्यावर राज्याचा ओम्बड्समन, म्हणजे तक्रारी ऐकणारा स्वतंत्र अधिकारी. त्याच्याकडे घटना कळल्यापासून तीन महिन्यांत जावं लागतं. या वाटेनं जाताना आजाराचा उल्लेख टाळता येत नाही, पण याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये खटला टोपणनावानं चालवण्याची आणि बंद दाराआड सुनावणीची सोय आहे. मानसिक आजारासाठी २०१७ चाच मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. त्यात गोपनीयतेचं कलम २३ आहे, आणि तक्रार आधी संस्थेच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जाते.

टोपणनावाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये निकाल दिलेल्या एका प्रकरणात हंगामी कामगारानं एचआयव्हीमुळे काम नाकारल्याविरुद्ध दाद मागितली. न्यायालयानं त्याला नाव लपवून लढू दिलं. तो खटला आजही ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या अक्षरांनीच ओळखला जातो. माणूस जिंकला आणि त्याचं नाव कुणाला कळलं नाही. तेव्हा असा कायदाही नव्हता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर तर अशी विनंती करायला आपल्याला कचरण्याचं काहीच कारण नाही.

नाव न देता तक्रार करावी का, असं पुष्कळदा विचारलं जातं. निनावी अर्ज बहुधा फायलीतच राहतो, कारण कुणाची माहिती फुटली हेच ठाऊक नसेल तर चौकशी करायची कशाची? त्यापेक्षा अधिकाऱ्याला नाव द्यावं आणि ते इतरांपासून लपवायची लेखी मागणी करावी.

प्रकरण चोरून केलेल्या चित्रणाचं असेल तर मात्र थेट पोलिसांकडे जावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली सीसीटीव्ही चित्रणं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं, तेव्हा महाराष्ट्रातूनही अटका झाल्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांच्या अश्लील चित्रणाची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढतो. संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळता येतात, पण तो निर्णय उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा असतो. तशी मागणी त्याच वेळी, लेखी करावी.

फेसबुकवर हॉस्पिटलचं नाव घेऊन सगळं लिहून टाकावं, हा मोह समजण्यासारखा आहे. पण बदनामीच्या कायद्यात, अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेनं केलेली तक्रार हा अपवाद धरलेला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा हा आठवा अपवाद. चावडीवर लिहिलेल्या मजकुराला हे संरक्षण मिळत नाही, आणि तिथे आपला आजार आपणच जाहीर केलेला असतो.

आता तक्रार करणारा हॉस्पिटलचाच कर्मचारी असेल तर? वॉर्डबॉय, लॅब टेक्निशियन, रिसेप्शनवरची मुलगी यांनाच बहुधा आधी कळतं. त्यांची बाजू खरोखर लंगडी आहे. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो लागूच केलेला नाही, आणि त्याचा रोख सरकारी सेवकांवर होता. हॉस्पिटल चालवणारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार तिथे तक्रारीची अंतर्गत यंत्रणा असावी लागते, तक्रारदाराचा छळ होऊ नये अशी तरतूद असावी लागते आणि प्रसंगी थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाता येतं. एचआयव्हीच्या कायद्यातही तक्रार केल्याबद्दल त्रास द्यायला बंदी आहे. कर्मचाऱ्यानं एक पथ्य कटाक्षानं पाळावं: पुरावा म्हणून रुग्णांच्या फाइलींचे फोटो घरी नेऊ नयेत. तेच त्याच्याविरुद्ध पहिलं हत्यार ठरतं. तारीख, वेळ, रजिस्टरचं नाव, पान क्रमांक एवढं टिपावं. कागद मागवून घेणं हे चौकशी अधिकाऱ्याचं काम आहे.

पुष्कळ प्रकरणं शेवटी समेटावर येतात. हॉस्पिटल माफी मागतं, बिलात सूट देतं आणि एक कागद पुढे करतं. तो तिथल्या तिथे सही करून देऊ नये, घरी नेऊन वाचावा. ‘यापुढे कोणत्याही प्राधिकरणाकडे तक्रार करणार नाही’ असं वाक्य असेल तर ते काढायला सांगावं. फुटलेल्या प्रती पुसल्याचं लेखी आश्वासन, जबाबदार व्यक्तीवर केलेल्या कारवाईची माहिती, आणि या समेटाच्या कागदातही आजाराचा उल्लेख नसणं, या तीन गोष्टी त्यात असतील तरच सही करावी आणि एक मूळ प्रत आपल्याकडे ठेवावी.